बिनबुरशीच्या कुंड्या

बाराही कुंड्या सारख्याच हिरव्यागार डोलताना पाहून वैदेहीला घाम फुटला. शिसं मिसळलेल्या मातीत मुळांवरची बुरशी झाडाला तगवते, हे दाखवून तिला पीएचडी मिळवायची होती. त्यासाठी सहा कुंड्यांत बुरशी होती. उरलेल्या सहांनी, विज्ञानाच्या भल्यासाठी, मान टाकणं अपेक्षित होतं.

"हौसाबाई, या सहा कुंड्यांना काय केलंत?"

"ती डब्यातली बुरशीची माती घातली की," रोपवाटिकेत पाणी घालणाऱ्या हौसाबाई म्हणाल्या. "पिवळी पडलेली बिचारी. एका पंगतीत निम्म्यांना वाढायचं नि निम्म्यांनी बघत बसायचं, बरं दिसतं का?"

"अहो, बुरशीशिवाय काय होतं तेच तर बघायचं होतं! माझे तीन महिने गेले!"

"मग मला इचारायचं ना, ताई. आमचे मालक वीस वर्षं बॅटरीच्या कारखान्यात शिसं वितळवायचे. शेवटी त्यांना चमचासुद्धा धरवत नव्हता."

वैदेहीने पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. हौसाबाईंचं नाव सांगायचं, असं तिने मघाशीच ठरवलं होतं.

"सर, बुरशी माझ्याच हातून सगळीकडे पडली," ती म्हणाली.