साडेचार तासांची यादी

सकाळी दहाला कॉम्प्युटरवर यादी काढायला लावली की दुपारी एकला वीज जायची. यादीला लागायचे साडेचार तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात.

अहेरीच्या त्या सरकारी कार्यालयात २००२ साली एकच कॉम्प्युटर होता. तो चालवायचा हेमराज, आणि त्याच्यावर नजर ठेवायचे मोठे बाबू गुणवंतराव. बाबू नागपूरहून पंधरा दिवसांचं कॉम्प्युटर शिक्षण घेऊन आले होते. त्यातलं त्यांना पाचला कुलूप लावणं तेवढं येतं, असं हेमराजचं मत. वीजही नेमकी पाचलाच परत यायची.

"भाऊ, आज जरा उशिरापर्यंत बसू न," हेमराज म्हणाला.

"काऊन? तुहं लगन अडून राह्यलं का त्या यादीपायी?"

लग्न नव्हतं अडलं. जंगलातली जमीन कसणाऱ्या नऊ हजार लोकांची ती यादी. गडचिरोलीला पोचली की पट्टे, म्हणजे जमीन नावावर झाल्याचे कागद, मिळणार, असं गावोगाव बोललं जात होतं. त्यात हेमराजच्या आईची, नीलाबाईची, दोन एकर धानाची बांधी होती. हे त्यानं कार्यालयात कोणाला सांगितलं नव्हतं. नोंद मात्र स्वतः टाइप करून दोनदा तपासली होती.

मार्चमध्ये गुणवंतराव भाचीच्या लग्नाला गोंडपिपरीला गेले. दोन दिवस मशीन एकट्या हेमराजचं.

त्यानं आत पाहिलं तर त्या एका यादीवर चौदा इंडेक्स. इंडेक्स म्हणजे तीच नावं वेगळ्या क्रमानं लावलेली, शोधायला बरी. गावाप्रमाणे, नावाप्रमाणे, इथवर ठीक. पण आजोबाच्या नावाप्रमाणे? बांधाच्या दिशेप्रमाणे? कोणी कधी मागितलं नव्हतं. एक नाव चढलं की मशीन चौदा ठिकाणी त्याची जागा शोधत बसायचं. अर्धी डिस्क त्यातच भरलेली.

हेमराजनं बारा उडवले. यादी बावीस मिनिटांत निघाली. फ्लॉपी त्याच दुपारी शिपाई पोचूच्या हातून एसटीनं गडचिरोलीला.

गुणवंतराव परतले तेव्हा टेबलावर पेढ्यांचा पुडा होता.

"यादी गेली, भाऊ. बावीस मिनटं लागले फक्त. बारा इंडेक्स फालतू होते, कोण्या येड्यानं टाकले त काय मालूम."

"मी टाकले," गुणवंतराव म्हणाले. "दर महिन्याले एक. साडेचार तासावर नेता नेता वरीस गेलं."

हेमराज हसला. म्हाताऱ्याच्या अकलेचा हिशेब त्यानं आधीच मांडून ठेवला होता.

"पेढे कायचे?"

"आता सांगाले हरकत नाई. आईचं नाव हाये त्यात. आमच्या बांधीचा पट्टा भेटन."

गुणवंतरावांनी हातातला पेढा पुड्यात परत ठेवला.

"हे पयले काऊन नाई बोल्ला रे?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी कपाट उघडलं, 'गोपनीय' शिक्क्याचा एक कागद काढला आणि हेमराजसमोर सरकवला. विषयाखाली एकच ओळ होती: यादी प्राप्त होताच, त्यातील सर्व अतिक्रमणे पंधरा दिवसांत हटवावीत.