पहिल्या गोलची चकती

“गोल झाला की नाचत बसू नकोस. आधी चकती उचल.”

ताईचे हे शब्द छोटीला आठवले तेव्हा ती अख्ख्या संघाच्या ढिगाऱ्याखाली उताणी पडली होती. कुणाचं कोपर तिच्या बरगडीत, कुणाचं हेल्मेट हनुवटीखाली, आणि सगळ्यांवर बुटकी गोलकीपर, आपली जाळी वाऱ्यावर सोडून आलेली. आंतरराष्ट्रीय युवा हिवाळी स्पर्धेला त्यांच्या देशाचा मुलींचा आइस हॉकी संघ इतकी वर्षं जात होता आणि दरवेळी भोपळा घेऊन परत येत होता. आज पहिल्यांदा गोल झाला होता. छोटीने मारलेली काळी रबरी चकती लाल खांबाला ठणकन आपटून आत गेली होती. फलकावर समोरच्यांचे नऊ होते, पण तिकडे बघतंय कोण!

छोटीच्या आधी ताई या संघात होती. गोलकीपर. पुढे खेळणाऱ्या पोरींना एक गोल जमत नव्हता, पण नावं ठेवली गेली ती ताईला. गल्लीत तिला ‘चाळण’ म्हणायचे. शेजारचे काका भेटले की विचारायचे, “काय गं, यंदा किती गाळले?” शेवटच्या स्पर्धेहून आली, तिने बर्फावरचे बूट माळ्यावर टाकले आणि चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. “आपला एक गोल होत नाही तोवर मी बर्फावर पाय ठेवणार नाही,” म्हणाली. आई हसली. छोटी हसली नाही. ताई एकदा बोलली की बोलली.

“आणि झाला तर?” छोटीने विचारलं होतं.

“तर ती चकती मला आणून दे. माझ्या जाळीत आलेल्याच बघितल्यात मी जन्मभर. त्यांच्या जाळीत गेलेली एक तरी हातात धरू दे.”

“आणते,” छोटी म्हणाली होती.

ढिगारा उठला. पहिल्या गोलची चकती खेळातून काढून घ्यायची, जपून ठेवायची, अशी या खेळात रीत आहे. पण ज्यांनी गोल कधी केलाच नाही त्यांना रीत कुठून ठाऊक असणार? ठाऊक होती ती एकट्या छोटीला, आणि तीच सगळ्यांच्या खाली दबली होती. पंचांनी चकती उचलली आणि मैदानाच्या मधोमध परत बर्फावर टाकली. ती छोटीच्या नाकासमोरून गेली. कडेला खांबाच्या रंगाचा लाल ओरखडा होता.

हीच ती!

चकती मैदानाभोवतीच्या काचेवरून प्रेक्षकांत उडाली की संपलं. ज्याच्या हाती लागेल त्याची. पुढची शिट्टी वाजताच ती पंचांकडे धावली, चकतीकडे बोट दाखवून आपल्या भाषेत विनवू लागली. पंचांना वाटलं, पोरगी हुज्जत घालतेय. त्यांनी डोळे वटारले आणि तीच चकती पुन्हा खेळात टाकली.

मग छोटीने एवढंच ठरवलं, की हिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. जिथे चकती तिथे ती. धिप्पाड पोरींच्या काठ्यांमध्ये घुसली, कठड्यावर आदळली, उठली. उंच फटका येताना दिसला की अंगावर झेलायची. बाकावरून प्रशिक्षक मॅडम ओरडल्या, “अगं, अंगात आलंय की काय तुझ्या? निघायच्या दिवशी बुटांच्या पात्यांना धार लावत तासभर बसलीस, बस चुकवत होतीस सगळ्यांची, त्याचं आत्ता चीज करतेस होय?”

तिला बघून बाकीच्यांनाही चेव आला. कशासाठी ते ठाऊक नसताना सगळ्या जीव तोडून खेळू लागल्या. नऊचे दहा झालेच नाहीत.

अगदी शेवटी समोरच्या कप्तानाने सणसणीत फटका मारला. उंच, जाळीच्या वरून, काचेबाहेर जाणारा. छोटीने मनातल्या मनात हात जोडले. बुटकी गोलकीपर उडाली. एवढीशी पोर, पण उडाली. भोंगा वाजला तेव्हा चकती तिच्या हातमोज्यात होती.

“बाहेर चालली होती गं ती, सोडायची की,” मॅडम म्हणाल्या.

“आता एकही सोडणार नाही म्हटलं, मॅडम!”

छोटीने तिच्या हातमोज्यातून चकती काढून घेतली. लाल ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि तिथेच मुसमुसून रडायला लागली.

“हरलो म्हणून रडतेस?”

“नाही, मॅडम. ही ताईची आहे.”

ताईलाही मॅडमनीच शिकवलं होतं. त्या छोटीच्या हेल्मेटवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

घरी पोचली तेव्हा ताई दुकानात होती.

“तिला कळलं?” छोटीने विचारलं.

“कळलं की,” आई म्हणाली. “आज सकाळी चहात दोनदा साखर घातली. तू आधी हातपाय धू, चार घास खा.”

“आलेच गं.”

छोटीने चकती खिशात टाकली. स्टूल ओढून माळ्यावरचे ताईचे बूट काढले, नाड्यांची गाठ मारून खांद्यावर अडकवले.

“ते धूड कुठे नेतेस? पाती गंजली असतील त्यांची,” आई म्हणाली.

छोटी जिना उतरू लागली. पाती गंजली नव्हती. निघायच्या दिवशी तिने बुटांच्या दोन जोड्यांना धार लावली होती, आणि त्यातली पहिली ताईची होती.