आडवं व्हा

रबरी छातीवरचं जेल रावजीनं फडक्यानं पुसलं. नुसती छातीच ती. डोकं नाही, हात नाहीत, कंबरेखालचं काही नाही. हृदयाची सोनोग्राफी शिकायला आलेल्या डॉक्टरांनी तिचं नाव चंपाबाई ठेवलं होतं. तिच्यावर सोनोग्राफीचा हातात धरायचा प्रोब नीट टेकवला की लॅपटॉपवर हृदय उघडझाप करताना दिसे. त्याला कोणता आजार द्यायचा तेही बटणावर ठरे.

"दीड मिनिटात चारही कप्पे. छान," शिकवायला आलेले डॉक्टर अश्वजित म्हणाले.

"पेशंट गुणी आहे, सर," डॉक्टर अनुपमा म्हणाली. "हलत नाही, कण्हत नाही."

सगळे हसले. रावजीही हसला. महाडच्या या दवाखान्यात तो अठरा वर्षं वॉर्डबॉय होता. पेशंट आत आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं : आडवं व्हा.

चार वाजता चंपाबाई पेटीत जायची होती आणि अनुपमा पोलादपूरला. तिथं तिला नवं मशीन मिळणार होतं. ती आणि अश्वजित सोडून बाकीचे चहाला गेले. रावजी फडकं घेऊन तिथंच उभा राहिला.

"मॅडम, ही बसते का?"

"कोण, मामा?"

"चंपाबाई."

"तिला कंबर कुठाय?" अश्वजित पेटी उघडता उघडता म्हणाले. "आणि बसवायची कशाला?"

"आडवं न होणाऱ्या माणसाचं कसं बघायचं, ते विचारतो."

"आडवं तर व्हावंच लागतं, मामा," अनुपमा म्हणाली. "डाव्या कुशीवर झोपवलं की नीट दिसतं. तुम्हीच तर झोपवता सगळ्यांना."

"दम लागलेला माणूस नाय झोपत, मॅडम. जीव गुदमरतो त्याचा." रावजीनं फडक्याची घडी घातली, मोडली. "आमची घरवाली, ठकू, चार दिवस बसून होती. नाते गावाहून एका दवाखान्यात नेली. तिथं आडवी होईना, म्हणून मशीनमध्ये काय दिसलं नाय. पुढं न्या म्हणाले. माणगावपर्यंतच पुरली ती."

त्यानं फडकं टेबलावर ठेवलं.

अश्वजितनी पेटीचं झाकण खाली केलं.

"बसूनही बघता येतं," ते म्हणाले. "अवघड जातं, पण येतं. हिच्यावर शिकवता येत नाही, म्हणून राहून गेलं."

रावजीनं शर्टाची बटणं काढली. शर्ट खुंटीला लावला. छातीवरचे केस पांढरे झाले होते. तो स्टुलावर बसला, पुढं वाकला आणि दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवली.

"अशी बसायची ती. आता शिकवा यांना."

टेबलावर खरं मशीन होतं. अनुपमानं ते जवळ ओढलं. हात नीट पोचेना, तेव्हा ती खाली फरशीवर गुडघे टेकून बसली. जेल गार होतं. रावजी हलला नाही.

पडद्यावर नुसता करडा धुरळा. तिनं प्रोब सरकवला, कलता केला. बरगडी आली, पुन्हा धुरळा.

"सर, काहीच येत नाहीये."

"घाई नको. थोडं खाली. मामा, श्वास सोडा."

आपण श्वास धरून ठेवलाय हे रावजीला तेव्हा कळलं. त्यानं तो सोडला.

"तसंच राहा, मामा," अनुपमा म्हणाली. तिचा हात थांबला. पडद्यावर एक झडप उघडली, मिटली, उघडली. बाहेरून चहाच्या कपांचा आवाज येत होता.

"आलं. दिसतंय, मामा. बघा ना, वर बघा."

रावजीनं मान वर केली नाही. तो आपल्या हातांकडे बघत होता.

"ती म्हणत होती, बसूनच बघा," तो म्हणाला. "मीच खांदे धरून आडवी करीत होतो."