ब्रिक गेम
आखातातल्या फुजैराच्या बंदरावर काम करणाऱ्यांच्या त्या खोलीत कुणीही सुट्टीवर निघालं की त्याचं खोकं दगडूच भरायचा. ड्युटी संपली की खाटेवर पडून तो हातातला ब्रिक गेम खेळायचा; वरून पडणारे ठोकळे फट न ठेवता बसवायचे, एवढाच खेळ. पण आता डोळे मिटले तरी त्याला ठोकळेच दिसत. दारातल्या चपलासुद्धा तो फट न ठेवता लावायचा आणि खोलीतले हसायचे. डबे, साबण, ब्लँकेट, काहीही द्या, त्याचा हात आपोआप जागा शोधायचा. आज खोकं त्याचं स्वतःचं होतं. व्हिसा खलास, कायमचं परत. भरायला मात्र त्याच्याकडे चार कपडेच निघाले. आई गेल्यापासून गावच्या घराला कुलूप होतं, पण हे त्यानं इथं कुणाला सांगितलं नव्हतं. "जागा आहे ना, दगडूदादा? आमच्या घरच्यांसाठीही न्या," म्हणत सगळ्यांनी आपापली पुडकी आणली. कुणाच्या मुलीसाठी बाहुली, कुणाच्या बायकोसाठी अत्तर, कुणाच्या म्हाताऱ्यासाठी बॅटरी. दगडूनं सगळं असं बसवलं की मध्ये बोटही शिरू नये. त्याचे कपडे तळाला दिसेनासे झाले. मग त्यानं दोरीनं खोकं आवळलं. शेजारच्या खाटेवरचा रामेश्वर गेमकडे बघत म्हणाला, "हा मला देऊन जा की, दादा. तिकडं तुम्हाला कशाला लागतोय? घरी माणसं असतील." दगडूनं गेम उचलून शर्टाच्या खिशात घातला. "लागेल," तो म्हणाला.