फलकावरचा शब्द

निधनाच्या फलकासाठी मी साध्या इंग्रजीत लिहिलं होतं, ‘वडील वारले.’ एझेनवा काका भडकले.

“हे तर पाचवीतल्या पोरालाही कळेल! चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं माझ्या भावानं. शेजारच्या गावचे काय म्हणतील?”

मग ते वडिलांचा जाडजूड शब्दकोश घेऊन अंगणात बसले. एकेक शब्द मोठ्यांदा वाचायचे. जमलेल्या भाऊबंदांपैकी एकाला जरी अर्थ कळला, की तो शब्द बाद. तिसऱ्या दिवशी एका लांबलचक शब्दावर सगळे गप्प झाले. तोच शब्द आणि नुसती तारीख वडिलांच्या फोटोखाली छापून चार गावांत फलक लावले.

अंत्यविधीच्या सकाळी शेजारच्या गावचे लोक ताडी घेऊन, ढोल वाजवत, नाचतच आले.

“आडा, अभिनंदन गं पोरी! फलकावर वाचलं, मास्तरांना एवढी मोठी पदवी मिळाली! आहेत कुठं ते?”

काकांनी डोक्याला हात लावला. आत बायका शवागारातून आणलेल्या वडिलांना पांढरा सूट चढवत होत्या. दोन आठवडे येईल त्याला मी ‘वडील वारले’ हेच एक वाक्य सांगत आले होते. आज पहिल्यांदाच कुणाला ते ठाऊक नव्हतं.

“कपडे करताहेत,” मी म्हणाले. “बसा ना, येतीलच बाहेर.”