हायड्रेंजियाचं तिसरं रोप

बुटक्या हायड्रेंजियाची दोन रोपं मेली होती, आणि आता तिसरंही माना टाकू लागलं होतं. ज्ञानदेवांनी पुस्तकात वाचून सगळं केलं होतं. रावेतच्या घरापुढच्या हातभर बागेत दुपारचं ऊन नुसतं भाजून काढायचं, म्हणून वर हिरवी जाळी बांधली, बुंध्याशी पालापाचोळा पसरला आणि रोज सकाळी बेतानं एक तांब्या पाणी घातलं. तरी पानं पिवळीच. हेही गेलं तर बागेचा नाद सोडायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

गुरुवारी मुला-सुनेच्या कंपनीला सुट्टी, म्हणून आठवड्यातून एकदाच सगळं घर एकत्र जेवायला बसलं होतं.

"माझ्या हातालाच गुण नाही," ज्ञानदेव पुटपुटले.

"तसं नाही बाबा, ऊनच लई आहे," मुलगा बुद्धरत्न म्हणाला. "म्हणून तर मी रोज फर्स्ट शिफ्टला जाताना बादलीभर पाणी ओततो."

सून आम्रपालीचा घास हातातच राहिला. "अहो, बादलीभर तर मी ओतते, सेकंड शिफ्टला निघताना!"

ज्ञानदेवांनी हळूच बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय?" सरूबाई फणकारल्या. "भर दुपारी त्यानं मान टाकली की मला न्हाई बघवत. घालते मी दोनदा."

 

ज्ञानदेव उष्ट्या हातानं तसेच बाहेर गेले आणि त्यांनी रोपाला नुसता हात लावला, तर ते कुजलेल्या मुळांसकट अलगद वर आलं.