मंगळसूत्रातला मणी

अँजिओप्लास्टीच्या वेळी काढून ठेवलेलं सुषमाचं मंगळसूत्र डॉक्टर परकारबाईंनी तिच्या खाटेशेजारच्या यंत्रावर ठेवलं. त्यातल्या, हृदयावर लक्ष ठेवणाऱ्या काळ्या मण्याने नोंदवलेली यादी पडद्यावर आली आणि बाईंचा पारा चढला.

"चार दिवसांत अकरा इशारे! 'हृदयाला रक्त कमी पडतंय, ताबडतोब दवाखान्यात न्या.' गेले कुठे हे?"

"माझ्या फोनवर," सुषमाचा नवरा दिगंबर म्हणाला. "लग्नातच तशी नोंदणी होते ना. सारखा वाजायचा, म्हणून आवाज बंद केला. ही तर स्वयंपाक करत होती."

"घामाघूम होऊन, धापा टाकत!" सुषमा कडाडली. "जबडा दुखतोय म्हणून दाढेत लवंग धरून बसले होते मी. काळीज माझं, आणि मलाच पत्ता नाही?"

"बरं, चुकलं. घाल आता," मंगळसूत्र पुढे करत तो म्हणाला. "आवाज चालू ठेवतो."

सुषमाने त्याचा हात ढकलला.

"तुम्हीच घाला गळ्यात. इशारे माझ्या फोनवर येऊ देत. मीही आवाज बंद करून स्वयंपाक करत बसेन."